शाप, नक्कल आणि आईचे पद

मराठी संगीत नाटकाचा धंदा ज्या नाटकाने उभा केला त्या 'संगीत शाकुंतल'चा कणा विसर हाच आहे. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात या नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. त्या रात्री प्रेक्षकांच्या कानी दुर्वासाचा शाप पडला, कण्वाच्या आश्रमातून शकुंतलेची पाठवणीही झाली; पण भर दरबारात राजा तिला ओळखत नाही तो पाचवा अंक पाहायला त्यांना पुढील प्रयोगांपर्यंत थांबावे लागले. विसरलेला माणूस गाण्यानिशी रंगमंचावर उभा करण्याची सोय या नाट्यप्रकाराला अशी जन्मतःच लाभली होती. असे असूनही विसरत चाललेली आई आणि तिचा सांभाळ करणारी लेक हा विषय मराठी संगीत रंगभूमीच्या मुख्य प्रवाहाने कधी आपला म्हटला नाही. म्हातारपणीचा विसर मराठीत आला तो गद्य नाटकाच्या कोपऱ्यात आणि नंतर चित्रपटात. आई, लेक आणि विसर एवढ्यावरच रचलेले संगीत नाटक उभे राहिले ते अमेरिकेत. याची कारणे संहितांमध्ये जितकी सापडतात तितकीच ती नाटकमंडळ्यांच्या कारभारात आणि मराठी घरांच्या रीतीभातींत सापडतात, आणि म्हणून या अभावाचा इतिहास लिहिताना नाट्यगृहाबाहेरही बरेच हिंडावे लागते.

शाकुंतलातील विसर मुळात कालिदासाच्या पदरचा आहे. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत काहीही विसरत नाही. त्याला शकुंतला पुरती आठवत असते, तरी लोक काय म्हणतील या भयाने तो भर सभेत कानांवर हात ठेवतो आणि आकाशवाणी झाल्यावरच तिचा व मुलाचा स्वीकार करतो. तेथे ना शाप आहे ना अंगठी. असा राजा कालिदासाला नायक म्हणून परवडण्यासारखा नव्हता, म्हणून चौथ्या अंकाच्या विष्कंभकात, म्हणजे दोन अंकांमधला दुवा जोडणाऱ्या छोट्या प्रवेशात, त्याने दुर्वासाला दारी आणले आणि राजाच्या खोटेपणाच्या जागी विसर बसवला. नाट्यरचनेच्या दृष्टीने ही मोठी चतुराई खरी, परंतु तिच्यामुळे विसर कसा असतो याविषयीच्या काही कल्पनाही ठरून गेल्या. हा विसर बाहेरून आलेला असतो, त्यात विसरणाऱ्याचा दोष नसतो. तो एकाच माणसापुरता असतो, कारण राज्यकारभार, शिष्टाचार, धर्मविधी यांतले राजाला सगळे आठवते. आणि मुख्य म्हणजे तो उतरतो. माशाच्या पोटातून निघालेली अंगठी कोळ्याकडून राजापर्यंत पोहोचली की स्मृती जशीच्या तशी परत येते आणि सातव्या अंकाअखेर कुटुंब जोडले जाते. विसराची किंमत मधल्या काळात मोजते ती विसरली गेलेली बाई. तिला जन्मताच मेनकेने टाकलेले असल्यामुळे दरबारात तिच्या पाठीशी आई नसते. असते ती आश्रमातली वृद्ध गौतमी.

तरीही याच पाचव्या अंकाच्या आरंभी एक लहानसा प्रसंग आहे, ज्याकडे संगीत नाटकाच्या अभ्यासकांचे अधिक लक्ष जायला हवे होते. हंसपदिका नावाची राणी पडद्याआड गाण्याचा सराव करीत असते. गाणे भुंग्याला उद्देशून आणि टोमणा राजाला, असा तो प्रकार. टोमणा राजाच्या लक्षात येतो, तिची समजूत घालायला तो विदूषकाला पाठवतो, आणि मग एकटा उरल्यावर त्याला चमत्कारिक हुरहूर लागते: जिवाभावाचे कोणी दुरावलेले नसताना मन का कालवले, ते त्याला उमगत नाही, आणि अखेर तो त्याचा संबंध गतजन्मीच्या ऋणानुबंधांशी जोडतो. शकुंतला त्याला आठवलेली नाही, परंतु तिच्याविषयीची ओढ सुरांनी ढवळून वर आली आहे. घटना पुसली गेली तरी तिच्याशी निगडित भावना राहते, आणि पुष्कळदा तिला जाग गाण्यानेच येते, हे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणारे लोक आज अनुभवाने सांगतात. कालिदासाने ते एका प्रवेशाच्या आडोशाला ठेवून दिले, आणि गाण्यावर जगणाऱ्या मराठी रंगभूमीने त्यातून नवे कथानक कधी काढले नाही.

विसर जसा कथेत होता तसा तो धंद्यातही होता, आणि धंद्यात शापाची सबब चालत नसे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पाठांतराचा जवळजवळ सगळा भार सूत्रधारावर होता. आख्यानातली पदे तोच म्हणे, आणि त्याने पद म्हणून प्रसंग सांगितला की पात्रे त्या धोरणाने आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. अशा नाटकात नट विसरतो असे म्हणताच येत नाही, कारण त्याला लक्षात ठेवायला काही दिलेलेच नसते. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि लिहिलेल्या संहितेवर चालणाऱ्या, तत्कालीन बोलीत 'बुकीश' म्हटल्या जाणाऱ्या, गद्य नाटकांचा काळ सुरू झाला. आता शब्द नाटककाराचे झाले आणि नटाच्या वाट्याला ते जसेच्या तसे म्हणण्याचे बंधन आले. किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळीचे 'इंद्रसभा' पाहून मराठीत तसे गाते नाटक करायचे ठरवले तेव्हा त्यांनी भाव्यांच्या सूत्रधाराकडची पदे काढून ज्याची त्याला दिली. दुष्यंत झालेले मोरोबा वाघोलीकर, कण्व झालेले बाळकोबा नाटेकर आणि शकुंतला झालेले शंकरराव मुजुमदार यांना आता बोलायचेही होते आणि गायचेही होते. शाकुंतलातील पदांची संख्या दोनशेच्या आसपास जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे नव्या नटाच्या डोक्यावर केवढा बोजा पडला त्याची कल्पना येते.

हा बोजा पेलण्यासाठी मंडळ्यांनी जी व्यवस्था बसवली ती पाहण्यासारखी आहे. संपूर्ण नाटकाची प्रत प्रत्येकाच्या हाती पडत नसे. ज्याला जी भूमिका, तिची तेवढी भाषणे आणि पदे, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्या पात्राच्या वाक्याचा शेवटचा तुकडा, एवढे वहीत उतरवून घ्यायचे. या वहीला 'नक्कल' म्हणत, आणि नक्कल पाठ होणे ही तालमीला उभे राहण्याची पहिली अट असे. ज्या पोराला अक्षरओळख नसेल त्याला दुसऱ्याने नक्कल वाचून दाखवायची आणि त्याने ऐकून ती तोंडपाठ करायची. पदांच्या बाबतीत चाल हीच स्मृतीची काठी होती: साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही वृत्ते प्रेक्षकांच्या आणि नटांच्या कानांत कीर्तनामुळे आधीच मुरलेली असत, तर इतर पदे कानडी गाण्यांच्या, लावण्यांच्या किंवा हिंदुस्थानी चिजांच्या ओळखीच्या चालींवर बेतलेली असत, त्यामुळे शब्द निसटला तरी सूर त्याला ओढून आणी. एवढे करूनही अडलेच तर विंगेत पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर असे. रंगमंचावरच्या प्रत्येकाची स्मृती या माणसाच्या मांडीवर उघडी पडलेली असे, पण जाहिरातीत त्याला जागा नसे. गाणाऱ्या नटाची तान लांबली, प्रेक्षकांनी 'वन्समोअर' मागितला आणि तेच पद दोनदा-तीनदा झाले की पुढचे वाक्य कोणते याचे भान सुटणे साहजिक होते, आणि तेथे प्रॉम्प्टरचा एक शब्द नाटक सावरून घेई.

अशा व्यवस्थेत पद ही मंडळीची पुंजी होती, आणि पुंजी कोणाच्या हाती द्यायची हे मालक-चालक हिशेबाने ठरवीत. तिकिटे ज्यांच्या नावावर खपत त्यांना पदे मिळत. भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि स्त्रीपार्टी नटाची खरी कमाई तारुण्यातल्या देखणेपणावर व कोवळ्या गळ्यावर असल्याने लिहिल्या जाणाऱ्या गात्या स्त्रीभूमिका प्रेयसीच्या, नववधूच्या किंवा सोसणाऱ्या पत्नीच्या असत. नायिकेची आई हे पात्र पडद्यावरच्या रंगवलेल्या खांबाइतकेच आवश्यक, आणि बहुधा तितकेच मुके. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ सालच्या 'संगीत शारदा'त तर आई आणि लेक यांच्यामधले दुःख हाच नाटकाचा गाभा होऊ शकला असता: कांचनभट पैशाच्या लोभाने मुलीला भुजंगनाथ या जख्ख म्हाताऱ्याला द्यायला निघतो आणि त्याची बायको इंदिराकाकू ते थांबवू शकत नाही. पण पदांतून प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली ती शारदा. म्हातारपण याच नाटकात आहे, पण ते हसण्यासाठी आहे. तरुण दिसण्याची भुजंगनाथाची खटपट प्रेक्षकाला सुखाने हसवते, कारण ती एका दुष्ट व्यवहाराची निशाणी आहे. देवलांचा हेतू समाजसुधारणेचा होता आणि तो सफलही झाला, मात्र म्हातारा माणूस म्हणजे टिंगलीचा विषय हा ठसा त्या यशाबरोबर अधिक पक्का झाला. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्या समाजाला तो नवा वाटण्याचे कारणच नव्हते.

आई गाते ती फक्त मूल मांडीवर असताना. राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, १९१९ च्या फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. त्याची पदे गडकऱ्यांच्या हातून राहिल्यामुळे ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली होती. त्यातली सिंधू आपल्या तान्ह्यासाठी गाते, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातले ते आईपण त्या पिढीला विसरता आले नाही. पण मूल मोठे झाले, त्याचे लग्न झाले, आईचे केस पिकले, की संगीत नाटक तिच्याकडची पेटी-तबल्याची साथ काढून घेई आणि तिला गद्यात ढकली.

आई आणि लेक यांच्यामधले गाणे महाराष्ट्रात नव्हते असे मात्र नाही. ते नाट्यगृहात नव्हते, जात्यापाशी होते. पहाटे दळताना बायकांनी रचलेल्या आणि एकीकडून दुसरीकडे गेलेल्या ओव्यांचा जो संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जमवण्यात आला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि आई, माहेर, भाऊ यांविषयीच्या ओव्यांचा त्यात मोठा वाटा आहे. सासरी असलेली लेक आईची आठवण काढते, तिची थोरवी गाते, ती गेल्यावर माहेर कसे तुटले ते सांगते. या सगळ्या गाण्यांत लेक आईपासून दूर आहे, आणि हे अंतर रीतीनेच घालून दिलेले होते. लेकीला दिल्यावर तिच्या घरचे अन्नपाणी आईबापांनी घ्यायचे नाही, निदान तिला मूल होईपर्यंत तरी नाही, असा दंडक अनेक घरांत पाळला जाई; तेथे आईने म्हातारपणी लेकीकडे राहायला जाणे म्हणजे मुलाच्या नाकर्तेपणाचा पुकारा. परिणामी म्हातारीचे भरवणे, न्हाऊमाखू घालणे, रात्री उठून तिला परत अंथरुणावर आणणे ही कामे सुनेच्या अंगावर पडत. लेक दिवाळीला येई, आईला आपले नाव आठवत नाही हे पाहून डोळे पुसे आणि चार दिवसांनी परत जाई. सून गाणी रचत असेल तर ती सासूच्या विसराची नसत, सासूच्या जाचाची असत.

ही रीत कायद्याने हळूहळू सैल केली. १९५६ च्या हिंदू दत्तकविधान व निर्वाह कायद्याने वृद्ध व अपंग आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलाप्रमाणे मुलीवरही टाकली होती, पण विवाहित मुलीकडून पोटगी मागता येते की नाही हा वाद पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो गेला ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणमधून: वडिलांनी डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे निर्वाहखर्च मागितला होता, आणि १९८७ मध्ये न्यायालयाने लग्नामुळे मुलीची ही जबाबदारी संपत नाही असा निर्णय दिला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या कायद्यात 'अपत्य' म्हणून मुलगा व मुलगी यांचा उल्लेख बरोबरीने येतो. कायदा अर्थातच पैशांपुरता बोलतो, आणि न्यायालयात जाणाऱ्यांपेक्षा मुकाट्याने आईला आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवणाऱ्या मुलीच संख्येने अधिक. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत लहान झालेली कुटुंबे, परगावी गेलेले मुलगे आणि नोकरी करणाऱ्या लेकी यांमुळे जे आधीच घडू लागले होते त्याला कायद्याने नाव दिले, एवढे म्हणता येते.

आईचे जतन करणारी लेक संगीत रंगभूमीवर पात्र म्हणून दिसली नाही, तरी त्या रंगभूमीच्या घरात ती होती, आणि हा या इतिहासातला सर्वांत सुरस भाग आहे. स्त्रिया स्वतः गाऊ लागल्या तेव्हा कलेचा वारसा आईकडून मुलीकडे जाण्याची वाट खुली झाली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांचा संसार १९२२ च्या सुमारास मोडला तेव्हा ताराबाईंनी मुलांना आपल्याबरोबर घेतले, त्यांची नावे बदलली आणि वडिलांच्या नावाविना त्यांना उभे केले. थोरले सुरेशबाबू माने झाले आणि मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई आईच्या गावावरून बडोदेकर झाल्या. या भावंडांच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा १९२९ च्या सुमारास उभी राहिली, आणि तिच्यात हिराबाई व त्यांच्या बहिणींनी पुरुष नटांबरोबर स्त्रीभूमिका केल्या. 'सौभद्र'सारखी ज्या नाटकांतली स्त्रीपदे पुरुषांनीच गाजवली होती ती आता बायकांच्या गळ्यात आली. मंडळी कर्जात बुडाली आणि थोड्याच वर्षांत बंद पडली, कारण १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आल्यावर मोठमोठ्या मंडळ्यांचेही पाय लटपटू लागले होते. पण पायंडा पडला. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'तून गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे रंगभूमीवर आल्या आणि स्त्रियांनी स्त्रीभूमिका करणे ही अपवादाची गोष्ट राहिली नाही.

पुढच्या पिढीत हे आईलेकीचे नाते अधिक उघडपणे दिसते. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ मध्ये 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली ती संगीत नाटकाचे दिवस फिरलेले असताना. त्यांच्या मुली लता आणि कीर्ती यांनी पदे शिकली ती आईवडिलांकडून, बरीचशी तालमीत आणि प्रवासात, आणि ज्या भूमिका आई करीत होती त्या कालांतराने कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) करू लागल्या. येथे नक्कल आता वहीत नव्हती. कोणत्या शब्दावर थांबायचे, बालगंधर्वांनी कोणती जागा कशी घेतली होती, 'वन्समोअर' मिळाल्यावर तेच पद दुसऱ्यांदा कसे वेगळे करायचे, हे लिहून ठेवता येत नाही. ते आईच्या गळ्यात असते आणि लेकीने घेतले नाही तर आईबरोबर संपते. संगीत नाटकाच्या उतरत्या काळात त्याची स्मृती अशा घरांनी सांभाळली. नाटकांच्या कथानकांत जी जागा लेकीला कोणी दिली नाही ती तिने पडद्यामागे घेतली, असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे.

दरम्यान म्हातारपणाने गद्य रंगभूमीवर आपली जागा केली होती. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर या निवृत्त नटाच्या मनाचा तोल ढळत जातो, तरी त्याने केलेल्या भूमिकांची भाषणे शेवटपर्यंत त्याच्या ओठांवर येत राहतात; आणि लेकीकडे राहण्याची जी हौस बापाला होती ती तिने त्याच्यावर चोरीचा आळ घेतल्यावर मोडते. लेकीच्या घरचे पाणी पिऊ नये म्हणणाऱ्या जुन्या जाणत्यांना या प्रवेशाने एक पुरावाच मिळाला असेल. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'त (१९७३) म्हातारा-म्हातारी एकटी पडतात, पण त्यांची दुखरी जागा आठवणींची आहे, विसराची नव्हे. खरा विसर महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) आला. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या पडत्या वाड्यात पणजीच्या वयाची दादी एका कोपऱ्यात आहे. ज्या मुलाचे तेरावे करायला सगळे जमले आहेत त्यालाच ती हाक मारते आणि किती वाजले ते विचारते. कोणी उत्तर देते, थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते. घरातली माणसे या हाकेला सरावलेली आहेत. शिकायची इच्छा मनात ठेवून लग्नावाचून त्याच घरात राहिलेली प्रभाही त्यांत आहे. दादी कथानकाला पुढे नेत नाही, ती फक्त त्याच प्रश्नावर परत येते. आणि एलकुंचवारांनी या पुनरुक्तीला ध्रुपदासारखे वापरले आहे, हे नाटक वाचण्यापेक्षा ऐकताना अधिक जाणवते. गद्य नाटकाने संगीत नाटकाकडून नकळत उसनी घेतलेली ही युक्ती असावी.

'वाडा चिरेबंदी'च्या काळात या अवस्थेला आजार म्हणून ओळखणारे लोक महाराष्ट्रात थोडे होते. आलोइस अल्झायमर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली आलेल्या एका एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीचे निरीक्षण केले, तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला आणि १९०६ च्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निष्कर्ष मांडले. एमिल क्रेपेलिनने १९१० च्या आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. तरी पुढची अनेक दशके तो मध्यम वयातला दुर्मीळ रोग मानला जाई आणि म्हाताऱ्यांचा विसर म्हातारपणाच्या खात्यावर पडे. भारतात या विकारासाठी काम करणारी राष्ट्रीय संघटना १९९२ मध्ये केरळात सुरू झाली. साठीच्या पुढच्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आहे, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आढळले. मराठीत हा आजार त्याच्या नावानिशी समोर आणणारी महत्त्वाची कृती म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) हा चित्रपट. त्यातले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात, त्यांची मुलगी इरा त्यांना शोधत राहते. ही भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. विसरणारा येथे बाप आहे, तरी आईपण चित्रपटात दुसऱ्या दाराने येते: माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, हे म्हातारे गृहस्थ आई म्हणतात आणि ती त्यांना तान्ह्यासारखे सांभाळते.

आई आणि लेक यांना समोरासमोर आणून दोघींना गायला लावण्याचे काम अमेरिकेत झाले. सारा कूपर यांचे शब्द आणि झॅक रेडलर यांचे संगीत असलेली 'द मेमरी शो' ही संगीतिका २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॅरिंग्टन स्टेज कंपनीने आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कला ट्रान्सपोर्ट ग्रुपने सादर केली. पात्रे दोनच: अल्झायमरने ग्रासत चाललेली आई आणि तिच्या देखभालीसाठी परत घरी येऊन राहिलेली मुलगी. या दोघींचे जुने बिनसलेले आहे. आईची स्मृती जात असताना भांडणाचे मूळ कारण काय होते याची एकुलती एक साक्षीदारही जाते, त्यामुळे मुलीला क्षमाही धड करता येत नाही आणि रागावणेही जमत नाही. अशा कथेला अमेरिकन संगीतिकेचे व्याकरण सोयीचे पडते. तेथे गाणे हे मनात चाललेले बोलणे असते, ते मध्येच तुटू शकते, आधी आलेली चाल पुढे बदललेल्या शब्दांनी परत येते आणि ऐकणाऱ्याला काय हरपले ते कळते.

मराठी संगीत नाटकात हे न होण्याचे कारण पैसा नव्हता, कारण दोन पात्रांचे आणि एका घराच्या देखाव्याचे नाटक आजच्या धंद्याला कोणत्याही पौराणिक नाटकापेक्षा स्वस्त पडते. अडचण पदाच्या स्वभावातच होती. नाट्यपद हे गायकाच्या प्रभुत्वाचे प्रदर्शन म्हणून घडले: मुखडा, अंतरा, ताना, समेवर येणे, टाळी, वन्समोअर. प्रेक्षक पूर्ततेसाठी तिकीट काढतो. विसरणारी आई गाऊ लागली तर तिला अंतऱ्यातला शब्द सुचणार नाही, सम हुकेल, आणि तेथे लेकीने विंगेतल्या प्रॉम्प्टरसारखे पुढचा शब्द देऊन तिला सावरायचे. हे सगळे ठरवून, कलात्मकतेने करायचे तर ज्या चुकीची संगीत रंगभूमीला शंभर वर्षे धास्ती वाटली तीच चूक पद म्हणून लिहावी लागेल. पदाला आटोपशीर करण्याचा आणि प्रसंगाच्या भावनेला बांधण्याचा मोठा प्रयत्न गोव्याच्या मंगेशीत जन्मलेल्या जितेंद्र अभिषेकी यांनी वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'पासून (१९६४) केला, आणि त्यानंतरच्या दशकात संगीत नाटकाला पुन्हा बरे दिवस आले. पण ती नाटकेही बहुतांशी पुराणातली किंवा इतिहासातली राहिली, त्यांच्या नायिका तरुण राहिल्या, आणि दोन खोल्यांच्या घरात म्हाताऱ्या आईला भरवणाऱ्या पन्नाशीच्या लेकीपर्यंत ती साथ पोहोचली नाही. भूमिका करायला नटी होत्या. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, पदे तोंडपाठ असलेल्या, आवाज थोडा उतरलेल्या गायिका-अभिनेत्री प्रत्येक पिढीत होत्या, आणि त्यांच्यासाठी नवे लिहिण्याऐवजी रंगभूमी त्यांच्याकडून वयाच्या साठीतही सुभद्रा आणि भामिनी या तरुण नायिकाच करून घेत राहिली.